उजव्या सोंडेवरचा कापूस

ते डोक्यावरचे दिवे आधी बंद करा बरं. बोलायला लागलं की तुम्ही माझ्याकडे बघता आणि माझे डोळे दिपतात. पहाटे डोंगरावर हवे तेवढे लावा, इथं शाळेच्या ओट्यावर हा कंदील पुरे आहे. तो गाण्याचा डबाही बंद. असं. आता पाझराकडून येणारा वारा तरी ऐकू येतो.

मी नीळकंठ. या लोणखेडीच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तर होतो. आता संग्रामपुरात राहतो आणि तुमच्यासारखी मंडळी मुक्कामाला आली की किल्ली घेऊन येतो. मघाशी तुमच्यापैकी कोणीतरी विचारलं, वाटेवरच्या खुणा चुन्याच्या का, नुसते पांढरे ठिपके, रात्री नीट दिसतही नाहीत. खरं आहे. पूर्वी कापसाच्या खुणा असत. त्या का बंद झाल्या ते सांगतो, तसंही तुम्ही एवढ्यात झोपणार नाही. गोष्ट माझी नाही, शकूरची आहे. शकूर पिंजारी. बस थांबते तिथं समोरच्या दारावर खडूनं ‘गाद्या भरून मिळतील’ असं लिहिलेलं वाचलंत ना, ते त्याचं दुकान. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. पुन्हा काढलं की तो उठून पाणी प्यायला जातो.

तारीख मला पाठ आहे. शनिवार, पाच जानेवारी, दोन हजार एकोणीस. त्या दिवशी मार्गशीर्षातली अमावस्या होती. शहरातल्या माणसांना रविवार सुट्टीचा दिसतो, त्याच्या आदल्या रात्री काय आहे ते दिसत नाही. चूक त्यांची नाही, त्यांच्या कॅलेंडरवर ते अगदी बारीक अक्षरात असतं.

आधी डोंगर समजून घ्या, उद्याही उपयोगी पडेल. संग्रामपूरच्या उत्तरेला सातपुड्याची पहिली रांग उठते, तिच्यातला हा दुसोंड्या. शाळेमागून वाट निघते, नाला ओलांडते, सागाच्या पट्ट्यातून पाऊण तास सरळ चढते. सालईची पांढुरकी झाडं दिसली की पाझर आला समजायचं. तिथं बारमाही पाणी. पाझराच्या वर घोडमाळ, सपाट आणि गवताळ. घोडमाळ संपला की खिंड. खिंडीतून पलीकडे उतरलं तर बोरपाटी गाव लागतं. आणि खिंडीच्या डोक्यावर डोंगराला दोन सोंडा फुटतात.

माणूस फसतो तो इथं. उजवी सोंड चांगली रुंद, गवताची, वर चढत जाणारी. बैलगाडी जाईल एवढी जागा. डावी सोंड अरुंद, काटेरी, आणि सुरुवातीलाच पंधरा-वीस हात खाली उतरते. शिखरावर निघालेला माणूस खाली कशाला उतरेल? तो उजवीकडे जातो. पण शिखराची वाट डावीच आहे. ती आधी उतरते आणि मग चढते. उजवी नुसती चढत राहते आणि दोनशे पावलांवर संपते. तिथं कडा आहे. दिवसा कोणालाही दिसतो. अंधारात मात्र गवत दिसतं आणि कडा दिसत नाही.

त्या कड्यावरून आदल्या साली एक बाई गेली होती. तिचंही सांगायला हवं.

बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा आमच्याकडे लोकांना दुसरं काही सुचेना. जिथं मूठभर माती दिसेल तिथं बीटी. घरामागं बीटी, नाल्याच्या काठाला बीटी, आणि एकानं तर उजव्या सोंडेवरच्या वनखात्याच्या जमिनीतही नांगर घातला. पहिली वर्षं पांढरंफेक पीक. या कापसाला बोंडअळी लागतच नाही म्हणायचे. मग सतरा साली गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. एरवी फाल्गुनात व्हायची ती उलंगवाडी त्या साली डिसेंबरातच झाली. उलंगवाडी म्हणजे मालकानं शेवटची वेचणी उरकून वावर मोकळं सोडणं. त्यानंतर झाडावर जे काही राहील ते वेचणाऱ्याचं. त्याला कोणी हटकत नाही.

बोरपाटीच्या कौशल्याबाई रोज खिंड उतरून आमच्या वावरांत वेचायला यायच्या. कापसाच्या ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. कौशल्याबाईंच्या तासात मागून कोणी गेलं तर त्याला एक पाकळी सापडत नसे. मान खाली, दोन्ही हात चालू, समोरचं पांढरं, मग त्याच्या पुढचं पांढरं. बाकीच्या बायका म्हणायच्या, कौशल्याबाई, कधी मान वर करून पाहात जा. त्या हसायच्या आणि वेचत राहायच्या. त्या साली लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. बाळंतविड्यात बाळाला गादी द्यायची, आणि तीही स्वतः वेचलेल्या कापसाची, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. म्हणून उलंगवाडी झालेल्या वावरांतून, किडक्या बोंडांतून निवडून निवडून त्या मूठ-मूठ जमवत होत्या. जानेवारीतल्या एका संध्याकाळी घरी जाताना त्या उजव्या सोंडेवरच्या वावरात वळल्या. शेवटचा तास पार कड्यापर्यंत गेलेला होता. सकाळी गुराख्यांना त्या खाली सापडल्या. कमरेची ओटी तशीच खोचलेली होती, भरलेली.

पुढं वनखात्यानं ते वावर मोडलं आणि पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, उपटून जाळल्या. सोंडेवर पुन्हा गवत आलं.

आता शकूर. मलकापूरचं एक मंडळ दर जानेवारीला इथं यायचं. शाळेत मुक्काम, पहाटे चारला निघायचं, शिखरावर सूर्योदय बघायचा. साठ माणसं तरी असत. सोहम नावाचा एक उत्साही मुलगा त्यांचा म्होरक्या. वनखात्यानं वाटेवर रंग मारायला आणि प्लॅस्टिकच्या रिबिनी बांधायला मनाई केली, तेव्हा तो डोकं धरून बसला. त्याला तोड सुचवली शकूरनं. जुन्या गाद्यांतली रुई असतेच, तिचे बोळे करून काट्याकाट्याला लावायचे. बॅटरीच्या उजेडात लांबून चमकतात, मागाहून पाखरं घरट्याला घेऊन जातात, कचरा म्हणून राहत नाही. सोहमला ते इतकं आवडलं की त्यानं मंडळाला एक वाक्यच पाठ करून दिलं. पांढरं दिसलं की चालायचं. चार वर्षं ते बिनबोभाट चाललं.

त्या शनिवारी मात्र शकूरकडे रुई नव्हती. लग्नसराई होती. शेवटची मूठ आदल्या दिवशी एका नवरीच्या उशांत गेली होती. दुपारी दोन वाजता तो माळ्यावर चढला आणि खताचं एक जुनं पोतं घेऊन खाली आला. पोत्याच्या तोंडाला हिरव्या लुगड्याचा काठ बांधलेला होता. त्यानं तो सोडला. आत सरकीसकट कापूस होता. तुम्ही शहरातले म्हणून सांगतो, शेतातून येतो तो कापूस, त्यातलं बी म्हणजे सरकी, आणि सरकी काढली की उरते ती रुई. पिंजाऱ्याला हा फरक हातानं कळतो.

त्याची बायको अजीजुन्निसा दारात बसून उशीला टाके घालत होती. तिनं विचारलं, "कोनाचं हाय ते पोतं?"

"पडून हाय सालभरापासून. कोनी नेलं नाही."

"मंग आधी इचारून पाहा."

"कोनाले इचारू आता? उद्या पहाटे लोकं चढतीन ना डोंगर."

काठ बरा होता. शकूर कधी चिंधी टाकत नाही. त्यानं तो घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्याची मुलगी झेबा त्याच दिवशी मलकापूरहून आली होती, ती तिथं कॉलेजात होती. यंदा पहिल्यांदाच ती मंडळाबरोबर चढणार होती. कोपऱ्यात बसून बुटांना नाड्या ओवत होती. म्हणाली, "अब्बा, सोहमदादानं मले सर्वात पुढं ठेवलं हाय. म्हने, वाटाड्याची पोरगी पुढं चालन."

"मंग वाट नीट पाहून चालजो."

"वाट काऊन पाहाची? तुमच्याच तं खुना हायेत. पांढरं दिसलं का चालाचं."

शकूर हसला. पण ते वाक्य त्याच्याबरोबर डोंगरापर्यंत आलं. इतकी वर्षं तो लोकांच्या पोरांसाठी खुणा करत होता. उद्या अंधारात त्याच्या स्वतःच्या पोरीचा पाय सगळ्यांच्या आधी पडणार होता. म्हणून त्यानं त्या दिवशी नेहमीपेक्षा जवळजवळ बोळे लावले. सागाच्या पट्ट्यात दर वीस पावलांवर एक, पाझराच्या वर दर दहा पावलांवर. बोराटीच्या, म्हणजे रानबोरीच्या, काट्यात बोळा दाबताना दर वेळी अंगठ्याला सरकी टोचायची. हे त्यानं मला तीनदा सांगितलं. दर वेळी सरकी टोचायची.

खिंडीच्या डोक्यावर पोचला तेव्हा पाच वाजत आले होते. तिथं त्यानं डावीकडच्या उतारावर चांगले मुठीएवढे तीन बोळे लावले. बोराटीच्या चार फांद्या तोडून उजव्या सोंडेच्या तोंडाशी आडव्या टाकल्या. उजवीकडे कापसाचा एक तंतूही लावला नाही. मग डावीकडून शिखर गाठलं, शेवटचा बोळा वरच्या ध्वजाच्या दांडीला बांधला. पोतं रिकामं झालं होतं. सूर्य बुडाला तशी त्यानं तिथल्याच सपाट दगडावर मगरिबची नमाज पढली आणि मोबाइलचा दिवा लावून उतरायला लागला. सव्वासहा वाजले असतील.

पहिली खूण दहा पावलांवर होती. म्हणजे असायला हवी होती. काटे होते, बोळा नव्हता.

त्याला वाटलं, वारा. दुसरीही नव्हती. मग वाटलं, माकडं. तिसऱ्या झुडपाशी तो वाकला. वाऱ्यानं नेला असता तर काट्यात तंतू अडकून राहिले असते. माकडानं ओरबाडला असता तर फांदी मोडली असती. इथं काहीच नव्हतं. काट्यांतून कापूस असा काढलेला होता की मागं एक धागा राहिला नव्हता. अशी सफाई हाताची असते. आणि ती पिंजाऱ्याच्या हाताची नव्हे, वेचणाऱ्याच्या हाताची. हे त्याला तेव्हाच कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. आपण चढताना मागून कोणी आलं असणार, असं म्हणून त्यानं हाक मारली. "कोन हाय?"

कोणी नव्हतं.

डावी सोंड त्याच्या पायाखालची होती, तो खुणांशिवायही आला. पंधरा-वीस हात चढून खिंडीच्या डोक्यावर पोचला. तिथले तीन मोठे बोळेही नव्हते. बोराटीच्या फांद्या उचलून बाजूला रचून ठेवलेल्या होत्या, नीट, एकावर एक. आणि उजव्या सोंडेवर...

उजव्या सोंडेवर पांढरं दिसत होतं. पहिलं आठ-दहा पावलांवर. त्याच्या पुढं दुसरं. मग तिसरं. एका सरळ रेषेत, वर वर गेलेलं.

तो घामानं भिजला. थंडी चांगली होती, तरी भिजला. मोबाइलला रेंज नव्हती, ती इथं आजही नसते. घरी जाऊन सोहमला सांगावं, तर तो म्हणेल वाऱ्यानं उडाले असतील, आमच्याकडे नकाशा आहे. आणि समजा त्यानं सांगितलं तरी अंधारात साठ माणसं, झोपेतून उठलेली, पुढं झेबा. पांढरं दिसलं की चालायचं. ती चालणार. तेव्हा हे पांढरं आत्ताच काढायला हवं, एकूण एक. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तुम्हालाही सुचलं नसतं.

त्यानं मोबाइल सदऱ्याच्या वरच्या खिशात दिवा बाहेर करून अडकवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पोतं खांद्याला लावलं. पहिला बोळा काढला, पोत्यात टाकला. दुसरा काढला. तिसरा.

बोळे गवताच्या कांड्यांना लावलेले होते, गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्यामुळे वाकावं लागत होतं. एक काढला की पुढचा दिव्याच्या कडेला दिसायचा. तो काढला की त्याच्या पुढचा. हात आपोआप चालायला लागले. कणीस खुडल्यासारखा बारीक आवाज व्हायचा. चट. पाच पावलं. चट. पाच पावलं. आठ झाले, नऊ झाले. तो मोजत होता. मग मोजणं कधी थांबलं ते त्याला कळलं नाही. मान खाली, दोन्ही हात चालू.

चट.

हा आवाज त्याचा नव्हता.

तो थांबला. आवाजही थांबला.

त्यानं एक बोळा काढला. चट. डाव्या बाजूला, शेजारच्या तासाएवढ्या अंतरावर... चट.

वेचणाऱ्या बायका अशाच चालतात. दोघी दोघी, शेजारशेजारच्या तासात, एकीचा हात पुढं गेला की दुसरीचा. शकूरनं मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही. आयतुल कुर्सी ही कुराणातली रक्षणाची आयत म्हणायला लागला, तर शब्द उलटसुलट होऊ लागले. पण हात थांबेनात. पुढं पांढरं होतं ना. ते ठेवून कसं जायचं. उद्या झेबा...

चट. चट.

मग तो थांबला, आणि शेजारचा आवाज थांबला नाही.

चट... चट... चट...

आवाज पुढं सरकत होता, त्याच्या बाजूनं. गवत मात्र हलत नव्हतं.

दिवा मंद झाला होता. समोर एकच पांढरं राहिलं होतं. एका ठेंगण्या झुडपावर, हाताच्या टप्प्यात. ते काढलं की झालं. त्यानं हात पुढं केला. टाच उचलली.

"शकूरभाऊ."

अगदी कानाशी नाही. दुकानाच्या दारातून कोणी बोलावं, तेवढ्या अंतरावरून. आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं तसा.

"शकूरभाऊ, माह्यी गादी झाली काय?"

हात तसाच राहिला, पुढं केलेला. कसली गादी, कोणाची... दुसरा हात छातीशी गेला होता. बोटांना खिशातला काठ लागला. हिरवा काठ. आणि त्याला एकदम सगळं दिसलं. त्याच्याच दुकानाच्या उंबऱ्यावर बसून एका बाईनं आपल्या लुगड्याचा काठ दातानं फाडला होता आणि पोत्याच्या तोंडाला गाठ मारली होती. "पुरा जमला का मंग सोडजा, शकूरभाऊ. तवरिक राहू द्या तुमच्यापाशी." दर दोन-तीन दिवसांनी ती यायची, गाठ सोडायची, ओटीतला मूठभर कापूस आत टाकायची, पुन्हा गाठ मारायची. मग एक दिवस आली नाही. मेल्याचं कळलं तेव्हा शकूरनं पोतं माळ्यावर टाकलं. कोणीतरी न्यायला येईल म्हणाला. एक खिंड ओलांडून बोरपाटीला जाणं त्याच्यानं झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत साल गेलं, आणि तो विसरला. तिच्या नातवंडाच्या गादीचा कापूस त्यानं आज काट्याकाट्याला लावला होता.

खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. तो म्हणाला, "नाही झाली, बाई."

तो बोलतच राहिला.

"इसरलो मी. तुमचा कापूस मी खुनांले लावला. मले याद नाही राह्यली." मग पुढं त्याला रडू आलं, असं त्यानंच सांगितलं. "माह्यी पोरगी येऊन राह्यली पहाटे, या वाटेनं. तिनं काही नाही केलं, बाई. ती पुढं राहीन. तिले..."

वारा पडलेला होता.

मग समोरच, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर...

चट.

झुडपावरचं शेवटचं पांढरं नाहीसं झालं. ते होतं तिथवरच दिवा थांबत होता. ते गेल्यावर उजेड पुढं गेला, आणि पुढं काही नव्हतं. झुडूप कड्याच्या बाहेर वाढलेलं होतं. शकूरच्या चपलेचं टोक कड्याच्या बाहेर होतं. पायाखालचे दोन खडे सुटले. ते खाली पडल्याचं ऐकायला त्यानं कान दिले, तर खूप वेळानं ऐकू आलं.

तो खाली बसला. तसाच, बसल्या बसल्या, हातांवर मागं सरकत आला. आधी गवतातून, मग उघड्या कातळावरून. कातळाची कपार हाताला लागली तेव्हा तो थांबला, पोतं छातीशी धरलं आणि उठून निघाला. मागं पाहिलं नाही.

घरी पोचला तेव्हा नऊ वाजले होते. अजीजुन्निसानं त्याचा चेहरा बघितला आणि पाणी दिलं. त्यानं पोतं खाली ठेवलं. दुपारी नेलं होतं तेवढंच ते भरलेलं होतं. त्यानं वेचले असतील फार तर तीस-चाळीस बोळे.

झोप कसली यायची. रात्री अडीच वाजता उठून त्यानं कंदील पेटवला. अजीजुन्निसा म्हणाली, "आता काऊन जाता?" तो म्हणाला, "खुना नाहीत वाटेले." सोहमला शाळेत जाऊन सांगितलं की खिंडीपर्यंत सरळ या, खिंडीवर मी आहे, मी दिसेपर्यंत कोणी पुढं पाऊल टाकायचं नाही. आणि एकटा चढून गेला. त्या माणसाच्या जागी मी असतो तर गेलो असतो का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. खिंडीच्या डोक्यावर, उजव्या सोंडेकडे पाठ करून, मधोमध कंदील घेऊन तो दीड तास बसला. पाठीमागं काही ऐकू आलं का, असं मी विचारलं होतं. तेव्हाच तो पहिल्यांदा पाणी प्यायला उठला.

साडेपाचला मंडळ आलं. सगळ्यांत पुढं झेबा, दम लागलेली. म्हणाली, "अब्बा, खुना कुठी हायेत?"

"यंदा खुना नाहीत. मी हाय."

त्यानं तिचा हात धरला आणि डावीकडचा उतार स्वतः उतरवून दिला. मग परत वर येऊन पुढच्याचा हात धरला. साठ माणसं त्यानं अशी एकेक करून उतरवली. सोहम गमतीनं म्हणाला, चाचा, आम्ही काय लहान आहोत का? शकूरनं त्याचाही हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पोतं दुकानात उघडलं. गादी भरायची तर आधी सरकी काढायला हवी. एवढ्याशा कापसाला जिनिंगच्या गिरणीत कोण जाणार, हातानंच काढू म्हणून चटईवर बसला. एक बोळा घेतला, बोटांनी उलगडला. सरकी नाही. दुसरा घेतला. नाही. अजीजुन्निसाही बसली. दोघांनी दुपारपर्यंत सगळा कापूस उलगडला. त्यात एक सरकी नव्हती. बोटांनी ओढून, तंतू न तोडता, कोणीतरी सगळी काढलेली होती. एका माणसाचं ते आठवडाभराचं काम. आणि शनिवारी दर बोळ्याला सरकी त्याच्या अंगठ्याला टोचली होती.

त्यानं यंत्र लावलं नाही. बापाचं भिंतीवरचं पिंजण काढलं आणि त्यावर ती रुई पिंजली. लहानशी गादी केली, वर हिरवा काठ शिवला. खिंड ओलांडून बोरपाटीला स्वतः नेऊन दिली. कौशल्याबाईंच्या लेकीची मुलगी तोवर रांगायला लागली होती. लेकीनं गादीवरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "आई म्हने, शकूरभाऊ देतीन करून." शकूरनं तिच्यासमोर कान धरले. उशीर झाला म्हणाला.

काय? सरक्या? हो, ते राहिलंच. मी त्यालाही हेच विचारलं होतं. पोत्यातल्या सरक्या गेल्या कुठं? त्याला माहीत नव्हतं.

त्या साली श्रावणात गुराखी सांगत आले की उजव्या सोंडेवर पऱ्हाटी उगवली आहे. लोक म्हणाले, जुन्या वावरातली असेल, उपटताना बी सांडलं असेल. मी बघायला गेलो. शकूर आला नाही. पऱ्हाटी वावर होतं तिथं नव्हती. ती वावराच्या अलीकडे, खिंडीच्या बाजूला होती, उघड्या कातळावर, कपारीतून निघालेली. जिथवर तो माणूस त्या रात्री मागं सरकत आला होता आणि थांबला होता, तिथंच. एकच तास, दोन-दोन हात अंतर ठेवून. पण कड्याकडे जाणारा नव्हता. आडवा होता. सोंडेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, कुंपण घालावं तसा. माणसाला ओलांडून जायला फट ठेवलेली नव्हती.

तेव्हापासून दर वर्षी तो उगवतो. कोणी पेरत नाही, कोणी वेचत नाही. परवाच मी वर जाऊन आलो, बोंडं फुटलेली आहेत. उद्या खिंडीच्या डोक्यावर पोचाल तेव्हा अंधारच असेल. उजवीकडे एकदा बॅटरी टाका, पांढरं दिसेल. दिसलं की थांबा, आणि डावीकडे उतरा.